जप्त केलेली वही

शिक्षकाच्या टेबलाच्या खणांत मुलांकडून जप्त केलेल्या वस्तूंचा लहानसा संग्रह नेहमींच असतो. माझ्या खणांत भोंवरे, गोट्या आणि एक बंद पडलेलें घड्याळ यांच्या सोबतीनें सुमारें दोन वर्षें एक निळी वही पडून होती. तिची हकीकत विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना सांगावी, असें मनांत आहे. कारण त्या प्रकरणांत शिक्षा मुलींना झाली, पण धडा मला मिळाला.

आठवीच्या वर्गांत व्याकरणाचा तास चालला असतां शेवटच्या बाकावरील दोन मुली एकाच वहींत आळीपाळीनें कांहीं लिहीत असलेल्या मला दिसल्या. वही घेऊन दोन पानें चाळतों तों तींत 'लिटल विमेन' या कादंबरींतील जो व लॉरी यांच्या विवाहाचा सोहळा! लुइझा मे ऑल्कॉटबाईंनीं ही कादंबरी १८६८ व १८६९ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केली. पहिला भाग वाचून, जोचें लग्न लॉरीशींच व्हावें, असा वाचक मुलींनीं पत्रांतून हट्ट धरिला. परंतु बाईंनीं तो मानला नाहीं आणि दुसऱ्या भागांत जोचें लग्न प्रोफेसर भाएर यांच्याशीं लावून दिलें. "थोर लेखिकेची चूक तुम्ही दुरुस्त करणार काय?" असें मीं उपहासानें विचारलें. सारा वर्ग हंसला, दोघींच्या माना खालीं गेल्या, आणि वही खणांत गेली. त्याच वर्षाअखेर एकीच्या वडिलांची नागपुरास बदली झाली. वही मागावयास कोणी आलें नाहीं.

गेल्या मे महिन्यांत एका रविवारीं सकाळच्या उपासनेंत मागें राहिलेली मुलगी डुलक्या घेतांना मला दिसली. बाहेर आल्यावर मीं विचारलें, "काय गं, रात्रीं झोंप झाली नाहीं काय?" ती भीत भीत म्हणाली, "सर, युरोव्हिजन होतें."

युरोव्हिजन ही युरोपांतील राष्ट्रांची गीतस्पर्धा. २४ मे १९५६ रोजीं स्वित्झर्लंडांतील लुगानो येथें ती प्रथम भरली, तेव्हां सात राष्ट्रांनीं दोन-दोन गीतें सादर केलीं. आतां मे महिन्यांतील एका शनिवारीं रात्रीं तिची अंतिम फेरी होते. त्या वेळीं आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि निकाल लागेपर्यंत पहाट होते. तिचा एक नियम मला फार आवडला. पहिल्या वर्षीं परीक्षकांना आपल्याच देशास मत देतां येत असे. १९५७ पासून तशी मनाई आहे. एक ते आठ, दहा आणि बारा असे गुण प्रत्येकानें इतरांच्याच गीतांना वाटावयाचे.

"आम्हीहि तसेंच करतों," ती सांगूं लागली. "ती नागपुरास, मी इथें, दोघी फोनवर पाहतों आणि कागदावर गुण मांडतों. पण आपल्या आवडत्या गाण्याला आपण गुण द्यावयाचे नाहींत. ते मैत्रिणीनें द्यावयाचे. म्हणून तिच्या गाण्यांत काय चांगलें आहे, तें मला नीट ऐकावें लागतें." थोडें थांबून ती म्हणाली, "वहींतहि तसेंच होतें, सर. लॉरी तिचा, प्रोफेसर माझे."

दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन मीं खण उघडला आणि ती वही प्रथमच आरंभापासून वाचली. दोघींचें अक्षर माझ्या ओळखीचें. लॉरीच्या विवाहाचें प्रकरण प्रोफेसरांची बाजू घेणाऱ्या मुलीनें लिहिलें होतें, आणि वर 'तुझ्या वाढदिवसासाठीं' असे शब्द होते! उलट, पुढील प्रकरणांत लॉरीच्या कैवारिणीनें जो व प्रोफेसर यांचा संसार मोठ्या मायेनें रंगविला होता. तें प्रकरण मात्र एका वाक्याच्या मध्यावरच तुटलें होतें. तेथें माझा हात पडला होता.

अशा लेखनास 'फॅन फिक्शन', म्हणजे चाहत्यांनीं पुढें चालविलेल्या कथा, म्हणतात. कोणतीं पात्रें एकत्र यावींत, यावरून तेथें पक्ष पडतात आणि भांडणेंहि होतात. परंतु दुसऱ्याच्या आवडीची कथा लिहून भेट देण्याचीहि तेथें रीत आहे. 'यूलटाइड' नांवाचा असा एक उपक्रम २००३ पासून दर नाताळांत चालतो. प्रत्येकानें एका अनोळखी वाचकाच्या इच्छेप्रमाणें कथा लिहावयाची. कथा नाताळच्या दिवशीं मिळते, लेखकाचें नांव मात्र १ जानेवारीस कळतें. ज्याला मी उनाडपणा समजलों, तो दुसऱ्याच्या मनांत शिरण्याचा अभ्यास होता.

जून महिन्यांत, ज्या वर्गासमोर मीं त्या मुलींचा उपहास केला होता, त्याच वर्गासमोर मीं क्षमा मागून वही परत केली. व्याकरणाच्या तासास व्याकरणच झालें पाहिजे, हें माझें मत आजहि कायम आहे. परंतु हंसण्यापूर्वीं वाचावें, एवढें मी शिकलों.

वही टपालानें नागपुरास जाऊन परत आली आहे. तें अर्धें राहिलेलें वाक्य पुरें झालें, असें त्या मुलीनें आपण होऊन मला सांगितलें. वही मात्र दाखविली नाहीं. आणि मीं मागितलीहि नाहीं.