निवळशंख

मराठी भाषेने सशाला फारसा न्याय दिलेला नाही. ज्याच्या अंगी धैर्य नाही त्याचे काळीज सशाचे. पाठीवर पान पडले की आभाळ कोसळले म्हणून पळत सुटायचे ते सशाने. आणि जे जगात नाहीच त्याला नैयायिक म्हणणार शशशृंग, सशाचे शिंग! अशा ह्या बदनाम प्राण्याला धाकटीने सात वर्षांपूर्वी हट्टाने आमच्या पुण्याच्या घरी आणले आणि त्याचे नाव ठेवले शशांक. शशांक म्हणजे चंद्र, ससा नव्हे, हा माझा व्याकरणशुद्ध आक्षेप बहुमताने फेटाळला गेला.

तसे पाहिले तर पाळीव ससा हा आपल्या गोष्टीतला ससाही नव्हे. आपल्या माळरानावरचा वेगळा. तो बीळ खणत नाही. पाळीव सशाचे मूळ घराणे स्पेन-पोर्तुगालकडचे, आणि त्या घराण्याची एक रीत मोठी चमत्कारिक आहे. तुमचेआमचे शरीर अन्नातले कॅल्शियम गरजेपुरते उचलते. ससा मात्र पानात पडेल त्यातले बरेचसे रक्तात घेतो आणि जादा झालेले मूत्रावाटे टाकून देतो. बहुतेक सस्तन प्राणी ह्या वाटेने शेकडा २ देखील कॅल्शियम टाकीत नाहीत. ससा शेकडा ४५ ते ६० टाकतो. म्हणून धडधाकट सशाचे मूत्र गढूळ, पांढुरके, पातळ ताकासारखे असते. दिवाळी अंकात हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी क्षमा करावी, पण पुढची सारी हकिगत त्यावरच उभी आहे.

एकदा तर ते लालभडक झाले. सौभाग्यवतींनी चहाही न घेता सशाला टोपलीत घातले आणि डॉक्टरांकडे नेले. त्यात रक्ताचा थेंब नव्हता. पालेभाज्यांतल्या रंगद्रव्यांमुळे असा रंग कधीकधी येतो, आणि तो रक्ताचा की पाल्याचा हे नजरेला कळत नाही, तपासूनच पाहावे लागते. डॉक्टर म्हणाले, “आणलेत ते उत्तम केलेत.” सौभाग्यवती दोन दिवस खुशीत होत्या.

खरे दुखणे आले ते मात्र असा रंग उधळीत आले नाही. गेल्या थंडीत आई सहज म्हणाली, “अरे, हा पाणी फार पितो आहे. ह्यांचेही असेच झाले होते.” माझे वडील शेवटची तीन वर्षे डायलिसिसवर होते, आणि त्यांचे दुखणे आईला पहिल्यांदा तांब्यावरून कळले होते. धाकटीने वाडग्यातले पाणी मोजायला सुरुवात केली. निरोगी ससा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. आमचा ४०० च्या वर पीत होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवला, तर १ किलो ९०० ग्रॅमचा ससा १ किलो ६२० वर आलेला. शेपटीखालचे केस ओले. आणि ते ताकासारखे मूत्र झाले होते निवळशंख.

निवळशंख ते सगळे चांगले, अशी आपली समजूत. येथे नेमके उलटे. थकलेल्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही आणि कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही. मग पाणी तेवढे वाहून जाते. एवढे होईपर्यंत शशांक रोजच्या जागी, रोजच्यासारखा कान मागे टाकून बसलेला असे. दुबळेपणा दिसला की शत्रू त्यालाच आधी गाठतो, म्हणून हा प्राणी दुखणे शेवटपर्यंत लपवितो. ह्याला भित्रेपणा का म्हणावे ते मला कळत नाही. वडिलांच्या बाबतीत आम्ही सोशीकपणा म्हणत असू.

डॉक्टरांनी आधीच बजावले, “उपाशी ठेवून आणू नका.” सशाला ओकारी येत नाही, त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, बारा तास खाणे सुटले तरी जिवावर बेतते. रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले निघाले. क्ष-किरण चित्रात खडा नव्हता. मग त्यांनी एका सूक्ष्म परजीवीचे लांबलचक नाव सांगितले: एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. १९२२ साली लुळ्या पडलेल्या सशांत तो प्रथम वर्णिला गेला. मेंदूत शिरला तर सशाची मान कलते, डोळ्यात शिरला तर डोळा जातो, आणि मूत्रपिंडात शिरला तर वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. त्याच्या संशयावरून २८ दिवस फेनबेंडाझोल सुरू झाले. अशक्त माणसालाही तो क्वचित बाधतो, म्हणून आईसाठी साबणाने हात धुण्याचा कडक नियम झाला. बाकी डॉक्टर स्पष्ट बोलले: मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही, उरलेला सांभाळायचा.

शेजारपाजारचे सल्ले ह्याच सुमाराला सुरू झाले. काहींनी खर्चाचा हिशेब मांडला. एवढ्या पैशांत दहा ससे येतील म्हणाले. येतील की. एका सद्गृहस्थांनी फरशी ओली होते म्हणून पाणी कमी करण्याचे सुचविले. अशा सशाचे पाणी तोडणे म्हणजे त्याला मारणेच! आम्ही उलट दोन वाडगी जादा मांडली. बाटलीच्या नळीपेक्षा ससा वाडग्यातून अधिक पितो. लसूणघास बंद झाला, त्यात कॅल्शियम फार. वाळलेले साधे गवत हवे तेवढे, आणि कोथिंबीर धुऊन ओलीच. दर दोन दिवसांनी मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सलाइन टोचायचे. माझा हात थरथरतो, धाकटीचा नाही. दर शनिवारी वजन. ते आई वहीत लिहिते, वडिलांच्या पाण्याचा हिशेब लिही त्याच बारीक अक्षरात.

अकरा महिने झाले. वजन १ किलो ५८० वर टिकून आहे. किती दिवस, असे आईने विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “ज्या दिवशी कोथिंबिरीकडे पाठ फिरवील त्या दिवशी या, मग आपण बसून बोलू.” काय बोलायचे ते आईला विचारावे लागले नाही. सध्या तो कोथिंबीर देठासकट खातो. फटाक्यांचे आवाज सोसणार नाहीत म्हणून दिवाळीत त्याचा मुक्काम माझ्या अभ्यासाच्या खोलीत ठरला आहे. सर्वांत खालच्या कप्प्यातले शब्दकोश काल वर हलविले.