बाळाचं वय चुकवणारे साडेपाच तास

नवजात बाळाला कावीळ दिसली की आम्ही बालरोगतज्ज्ञ दोन आकडे विचारतो. एक बिलिरुबिनचा, दुसरा बाळाच्या वयाचा. हे वय दिवसांत नाही, तासांत मोजतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते. पहिल्या 24 तासांत दिसलेली मात्र आम्ही कधीच साधी समजत नाही. आई आणि बाळाचा रक्तगट न जुळणं यासारखी कारणं लगेच तपासावी लागतात. बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

एका रुग्णालयात असंच एक पिवळं दिसणारं बाळ तपासत होतो. संगणकावर वय साडेपंचवीस तास, प्रसूतिगृहाच्या वहीप्रमाणे वीस तास. म्हणजे एका नोंदीनुसार बाळ धोक्याच्या रेषेपलीकडे, दुसरीनुसार अलीकडे. मी वहीवर विश्वास ठेवून पुढच्या तपासण्या सांगितल्या.

फरक नेमका साडेपाच तासांचा होता आणि कारणही त्यातच होतं. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. बाळ दुपारी 2 वाजता जन्मलं. डेटाबेसने ती वेळ यूटीसीत, सकाळी 8:30 अशी ठेवली, पण ती कुठली वेळ हे सोबत लिहिलं नाही. रक्त घेतल्याची वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी 10, भारतीय वेळेत होती. प्रोग्रामने दोन्ही एकाच घड्याळातल्या समजून वजाबाकी केली.

जन्मतारखेचंही असंच होतं. 12 मार्च ही नुसती तारीख. प्रोग्राम तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवतो, मग यूटीसीत बदलतो आणि ती होते 11 मार्च, संध्याकाळी 6:30. छापताना वेळ गळते आणि लसीकरण कार्डावर बाळ एक दिवस आधी जन्मतं!

उपाय सोपा आहे. जन्मतारीख फक्त तारीख म्हणूनच साठवावी, तिला टाइम झोन लावू नये. जन्मवेळ आणि नमुन्याची वेळ टाइम झोनसकट साठवावी. जावामध्ये पहिलीसाठी ‘लोकलडेट’, दुसऱ्यांसाठी ‘झोन्डडेटटाइम’ असे वेगळे प्रकार आहेतच.

आईबाबांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी:

• डिस्चार्ज कार्डावरची जन्मतारीख आणि वेळ घरी जाण्यापूर्वी वाचून पाहा.
• बाळ पिवळं दिसलं तर कागदावर वय काहीही असो, डॉक्टरांना लगेच दाखवा आणि जन्माची वेळ तोंडी सांगा.