चालत पाहण्याचे उद्यान : जपानच्या जिब्ली पार्कची पूर्वतयारी

परदेश प्रवासाचा बेत ठरला की घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा दोनच कामे येतात. एक, घराच्या किल्ल्या सांभाळण्याचे आणि दुसरे, विमानतळावर निरोप देण्याचे. बेत मुलांच्या मनोरंजन उद्यानाचा असेल, तर मग बोलायलाच नको. उंचावरून कोसळणारे पाळणे, कानठळ्या बसवणारे संगीत आणि भर उन्हातील रांगा यांत साठी ओलांडलेल्यांनी करायचे तरी काय? ही समजूत बव्हंशी खरी आहे. परंतु आमच्या घरी सध्या ज्या उद्यानाच्या भेटीची आखणी चालू आहे, ते तिला अपवाद ठरावे असे आहे. त्या उद्यानाचे नाव जिब्ली पार्क. जपानमधील नागोया शहराच्या पूर्वेस, आइची प्रांतातील नागाकुते या गावी ते वसलेले आहे.

आपल्यापैकी अनेकांना जपानी चित्रपट परके वाटतील. जपानी चलच्चित्रे मात्र तितकी परकी नाहीत. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची मालिका ज्यांनी मुलांसोबत पाहिली, त्यांनी जपानी ‘ॲनिमे’च पाहिली होती. गुलजारांच्या हिंदी शीर्षकगीतामुळे ती आपलीच वाटली, एवढेच. आमचा मुलगा त्या वेळी शाळेत होता. आज त्याची मुलगी, म्हणजे आमची नात, जिब्लीचे चित्रपट पाहते. १९८५ साली स्थापन झालेली स्टुडिओ जिब्ली ही संस्था हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि निर्माते तोशिओ सुझुकी यांच्या नावाने ओळखली जाते. ‘स्पिरिटेड अवे’ या त्यांच्या २००१ सालच्या चित्रपटाला २००३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. या चित्रपटांतील वारा, पाऊस, गवत आणि जुनी झाडे ही केवळ पार्श्वभूमी नसतात; तीही कथेतील पात्रेच असतात.

अशा चित्रपटांवर उद्यान उभारायचे, तर ते झाडे तोडून उभारता येणार नाही, हे उघड आहे. येथे या जागेचा इतिहास मुळातून सांगण्याजोगा आहे. २००५ साली आइची प्रांतात जागतिक प्रदर्शन भरले. त्याची मूळ जागा शेजारच्या सेतो शहरातील काइशो नावाच्या वनात ठरली होती. त्या वनाला हात लावू नये, असे म्हणणारे नागरिक आधीपासून होतेच. १९९९ मध्ये तेथे ओओताका या शिकारी पक्ष्याचे घरटे आढळले आणि विरोधाला बळ आले. अखेर आराखडा बदलला. मुख्य प्रदर्शन जवळच्या नागाकुते येथील जुन्या युवक उद्यानात हलवण्यात आले. ‘निसर्गाचे शहाणपण’ हा विषय घेऊन भरलेल्या त्या प्रदर्शनास सहा महिन्यांत सुमारे २ कोटी २० लाख लोकांनी भेट दिली. एका पक्ष्याच्या घरट्यासाठी एवढ्या मोठ्या समारंभाने वाट बदलावी, ही घटना ‘जीवदया’ हा शब्द लहानपणापासून कानी पडलेल्या वाचकांना निश्चितच भावेल.

प्रदर्शन संपल्यावर ती जागा सार्वजनिक उद्यान झाली आणि तिच्याच काही भागांत १ नोव्हेंबर २०२२ रोजी जिब्ली पार्क सुरू झाले. सुमारे १९४ हेक्टरच्या उद्यानात जिब्लीने वापरलेली जागा ७ हेक्टरच्या आसपास आहे. उद्यानाची कल्पना साकारणारे गोरो मियाझाकी हे हायाओ यांचे पुत्र. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ते बागा व हिरव्या जागांची आखणी करण्याच्या व्यवसायात होते, आणि ते येथे पदोपदी जाणवते. ‘जिब्लीचे भव्य कोठार’ हे मुख्य दालन नवी इमारत बांधून नव्हे, तर युवक उद्यानातील बंद पडलेल्या जलतरण तलावाच्या इमारतीत साकारले आहे. लहान मुलांसाठीचे घोड्यांचे चक्र आणि एक उडते यंत्र सोडले, तर येथे यांत्रिक पाळणे जवळजवळ नाहीत. तिकिटाचे नावच मुळी ‘ओ-सानपो’ असे आहे. त्याचा अर्थ फेरफटका.

उद्यानाचे पाच भाग आहेत. कोठार, ‘तारुण्याची टेकडी’ आणि ‘दोंदोको वन’ हे तीन प्रथम उघडले. ‘मोनोनोकेचे गाव’ नोव्हेंबर २०२३ मध्ये, तर ‘चेटकिणींची दरी’ मार्च २०२४ मध्ये खुली झाली. दरीत ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधील सुमारे २० मीटर उंचीचा किल्ला उभा आहे. नातीचे डोळे त्या किल्ल्याकडे लागले असतील, असा माझा अंदाज होता. परंतु तिने यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले ते दोंदोको वनातील एक साधे घर.

त्याचे कारण सांगायला हवे. चार वर्षांपूर्वी आमची सून दीर्घ आजाराने अनेक आठवडे रुग्णालयात होती. नात तेव्हा आठ वर्षांची. ती आमच्याकडे राहत होती आणि दिवसभर फारसे बोलत नसे. त्या काळात तिने आजीसोबत ‘माय नेबर टोटोरो’ हा १९८८ सालचा चित्रपट कितीदा पाहिला, याची गणती नाही. त्यातील सात्सुकी आणि मेई या बहिणींची आई रुग्णालयात असते आणि मुली वडिलांसोबत खेड्यातील जुन्या घरात राहायला येतात. टोटोरो हा त्या घरामागच्या वनातील राखणदार. आजीला जपानी येत नव्हते आणि नातीला मनातले सांगता येत नव्हते; पण त्या दोन बहिणींच्या निमित्ताने दोघी बोलू लागल्या. सून बरी होऊन घरी आली. त्या दोघींचा चित्रपट मात्र त्यांच्याजवळच राहिला.

ते घर नागाकुते येथे खरोखरीच उभे आहे. २००५ च्या प्रदर्शनासाठी ते बांधले गेले आणि नंतर जपून ठेवण्यात आले. आत जाऊन कपाटे उघडावीत, खण ओढून पाहावेत, अशी मुभा पाहुण्यांना आहे. जवळच्या टेकडीवर टोटोरोच्या आकाराची, सुमारे पाच मीटर उंच लाकडी मूर्ती आहे आणि तेथवर चढून जाण्यासाठी छोटी रुळगाडी आहे.

प्रश्न निघाला तो येथेच. सौभाग्यवतींचा चोविहार आहे, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य. शिवाय गुडघे दुखतात. मुलगा काळजीपोटी म्हणाला, “आई, तुझे हाल होतील. तुम्ही दोघे थांबा. आपण नंतर एखाद्या तीर्थाला निवांत जाऊ.” त्यावर नात एवढेच म्हणाली, “आजी नसेल, तर ते घर मी कोणाबरोबर पाहू?” मुलाची काळजी रास्त होती आणि नातीचा प्रश्नही. अशा वेळी भावनेवर निर्णय सोपवण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन बसावे, ही माझी चाकरीतील जुनी सवय. आजीचे नियम ही अडचण न मानता तीच आखणीची पहिली अट धरली, तर प्रवास जमतो का, एवढेच पाहायचे ठरवले.

पहिला प्रश्न ऋतूचा. चातुर्मासात प्रवास नको, हे घरात ठरलेलेच. चातुर्मासानंतर नोव्हेंबरात जपानची वनराई लाल-पिवळी होते खरी. पण नागोयात तेव्हा पाचच्या आत सूर्य मावळतो आणि उद्यानही पाचलाच बंद होते. म्हणजे आजीचे सायंकाळचे जेवण हुकणार. मेच्या मध्यावर सूर्यास्त पावणेसातच्या पुढे असतो. पाचला बाहेर पडून मुक्कामी पोहोचायला तासभर धरला, तरी जेवणाला पुरेसा अवधी उरतो. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांची सलग सुट्ट्यांची मोठी गर्दी असते आणि जूनमध्ये त्यांचा पावसाळा सुरू होतो. या दोहोंमधला काळ आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो. मंगळवारी उद्यान सहसा बंद असते. म्हणून आम्ही मेच्या मध्यातला एक बुधवार निवडला.

दुसरा प्रश्न तिकिटाचा. प्रवेश तारखेनुसार आगाऊ आरक्षणावर असतो आणि कोठारात शिरण्याची वेळही ठरलेली असते. सध्याच्या नियमानुसार, ज्या महिन्यात जायचे त्याच्या दोन महिने आधी, १० तारखेला जपानी वेळेप्रमाणे दुपारी २ वाजता विक्री सुरू होते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे आमच्यासाठी १० मार्च. नियम बदलू शकतात, म्हणून वाचकांनी अधिकृत संकेतस्थळ पाहूनच तारीख पक्की करावी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिकिटाचे प्रकार निरनिराळे आहेत आणि सात्सुकी-मेईच्या घरात किंवा हाउलच्या किल्ल्यात आत जायचे असेल, तर ‘प्रीमियम’ प्रकारच घ्यावा लागतो. स्वस्त तिकीट घेऊन त्या घराच्या दारातून परतणे, हा आमच्या लेखी महागडा व्यवहार ठरला असता.

तिसरा प्रश्न वाहतुकीचा. टोकियोहून नागोया बुलेट ट्रेनने सुमारे एक तास चाळीस मिनिटांवर आहे. पूर्वी पर्यटक डोळे मिटून सात दिवसांचा जपान रेल्वे पास घेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो-नागोया एकेरी तिकीट ११,००० येनच्या आसपास पडते. टोकियोला उतरायचे, नागोया व कोबे करायचे आणि ओसाकाहून परतायचे, असा एकदिशा मार्ग धरला, तर सुटी तिकिटेच परवडतात. नागोया स्थानकावरून भुयारी रेल्वेने फुजिगाओका आणि तेथून ‘लिनिमो’ या चालकरहित गाडीने उद्यानाचे स्थानक गाठायचे. चुंबकीय शक्तीने रुळांवर किंचित तरंगत जाणारी ही गाडी २००५ च्या प्रदर्शनासाठीच सुरू झाली. आजोबांना मोहात पाडणारी गोष्ट या सहलीत कोणती असेल, तर हीच.

चौथा आणि सर्वांत नाजूक प्रश्न आहाराचा. जपानमध्ये ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नये. तेथील ‘दाशी’ नावाचे सार बहुतेकदा वाळवलेल्या माशापासून होते आणि ते सूप, शेवया, अगदी उकडलेल्या भाजीतही असते. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ या पाकपद्धतीत मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही वर्ज्य. परंतु मुळा, गाजर, कमळकंद आणि अळंबी चालतात. ते अन्न सात्त्विक आहे, तरी आपल्या नियमांत पूर्णतः बसणारे नाही. म्हणून आम्ही स्वयंपाकघर असलेले निवासस्थान पाहिले आहे. सोबत खाकरा, ठेपले, भाजलेले पोहे, मेतकूट आणि भाजणी न्यायची. ताजी फळे, भाज्या वा बियाणे तपासणी-प्रमाणपत्राविना जपानमध्ये नेता येत नाहीत; ती तेथेच विकत घ्यावीत. काय वर्ज्य आहे, हे जपानी लिपीत स्वच्छ लिहिलेले एक कार्ड नातीने तयार केले आहे. सभोवतालच्या सार्वजनिक उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे; तेथील झाडाखाली बसून दुपारचा डबा खायचा. कचराकुंड्या तेथे क्वचितच दिसतात. आपला कचरा पिशवीत घालून आपणच परत आणावा, अशी रीत आहे.

पाचवा प्रश्न गुडघ्यांचा. पाचही भाग एकमेकांपासून दूर असून दोंदोको वन तर एका टोकाला आहे. सगळे पाहायचेच, असा हट्ट धरला तर दिवस धावपळीत जाईल. म्हणून नातीने यादीला कात्री लावली. सकाळी प्रथम दोंदोको वन, मग झाडाखाली जेवण व विश्रांती, दुपारी कोठार. किल्ला वेळ उरला तरच. बारा वर्षांच्या मुलीने किल्ला स्वतःहून शेवटी ढकलावा, याचे मला कौतुक वाटले. आपण तिला संयम शिकवावा, असे मी समजत होतो. तो तिच्यापाशी आधीच होता.

उद्यानानंतर दोन दिवस कोबेसाठी राखले आहेत. मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी १९८५ साली किटानो भागात भगवान महावीर स्वामींचे मंदिर उभारले. नागोयाहून तेथे बुलेट ट्रेनने साधारण तासाभराचा प्रवास आहे. मुलाने सुचवलेले ‘नंतरचे तीर्थ’ असे याच प्रवासात आले.

हा हिशेब मुलापुढे ठेवला, तेव्हा त्याने तो दोनदा वाचला आणि प्रवाशांच्या संख्येत तीनऐवजी पाच असा आकडा लिहिला. ज्या घरांत असा बेत चालू असेल, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की ज्येष्ठांना वगळण्यापूर्वी त्यांच्या गरजा कागदावर मांडून पाहाव्यात. पुष्कळदा त्यांच्या वेगाने आखलेला प्रवास मुलांनाही अधिक मानवतो. १० मार्चला साडेदहा वाजता संगणकापुढे नात बसेल. सुट्टीचा दिवस नसल्यास शाळेची परवानगी काढण्याचे काम तिने आजीकडे सोपवले आहे.