देवळाचे अंगण आणि नाटक

बडोद्याच्या गोरवा भागातील आम्ही मराठी-कोंकणी मंडळी उत्सवासाठी जमलो, म्हणजे एक वाद हटकून निघतो: देवळाच्या आवारात नाटक व्हावे काय? देवापुढे कीर्तन शोभते, सोंगे नव्हेत, असे पुष्कळांचे म्हणणे. आक्षेप पोरकट नाही. पण तो फार जुना आहे, आणि केवळ आपलाच नव्हे.

मध्ययुगीन युरोपात नाटक पुन्हा अंकुरले ते चर्चच्या वेदीपाशी. इंग्लंडातील मठांसाठी सुमारे ९७० मध्ये विंचेस्टर येथे केलेल्या नियमग्रंथात ईस्टरच्या पहाटेचा विधी सांगितला आहे. एका साधूने देवदूत होऊन, हाती झावळी घेऊन, समाधीपाशी निमूट बसावे; तिघांनी स्त्रियांच्या भूमिकेत धुपाटणी घेऊन, काही शोधीत असल्यासारखे, अडखळत यावे. ही रंगसूचना नव्हे तर काय! पुढे सोंगे वाढली, हशा वाढला, आणि १२०७ मध्ये तिसऱ्या इनोसंट पोपने चर्चमधील मुखवट्यांच्या खेळांवर कोरडे ओढले. नाटक रस्त्यावर आले. यॉर्क नगरीत कारागिरांचे संघ गाड्यांवर बायबलातील कथा करीत. धर्मसुधारणेनंतर, १५६९ च्या प्रयोगानंतर, तेही थांबले.

आपल्या कोंकणात असे झाले नाही. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की देवळापुढेच दशावतार उभा राहतो. काळाकभिन्न संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवितो आणि प्रेक्षकांस हसवून बेजार करतो, पहाटे दहीकाला. हा हशा देवास कधी खुपल्याचे आम्ही ऐकले नाही. म्हणून आमचा कौल नाटकाच्या बाजूस आहे. मात्र ते अंगणात, आणि पालखी विसावल्यावर.

गोव्यात मात्र अंगणेच हिरावली गेली. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली; १५६० मध्ये श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास न्यावा लागला. पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून लग्नातील गाण्यांपर्यंत हात घातला. वेदीपाशी नाटक वाढविणाऱ्या चर्चचेच हे न्यायासन. याचा आम्हांस राग येतो, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

परंतु बारदेशातील शिवोलीचा जागर तगला. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री हिंदू आणि ख्रिस्ती ग्रामस्थ मिळून तो करतात. जागऱ्यापाशी हिंदू तेल वाहतात, ख्रिस्ती मेणबत्त्या लावतात, आणि मग सोंगे निघतात.