विळी आणि नाकिरी

खान्देशातल्या स्वयंपाकघरात चाकू तसा पाहुणाच. आमच्या शिंदखेड्याच्या घरी मेथी, कांद्याची पात, दोंडाईच्याहून आलेल्या मिरच्या, सगळं विळीवरच व्हायचं. पण गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आईला खाली बसता येत नाही. ओट्याशी उभं राहून साध्या चाकूने कांदा चिरताना ती म्हणते, "हा कापत नाही रे, चेंगरतो." विळी सुटली म्हणजे स्वयंपाकघरच सुटलं, ही धास्ती त्यामागे असते.

म्हणून जपानला गेलेल्या भाच्याने "मामा, काय आणू?" विचारल्यावर मी चाकू सांगितला. मग त्यावर वाचत बसलो. सान्तोकु मांस, मासे, भाजी तिन्हींना चालतो. नाकिरी खास भाजीचा. आयताकृती, सरळ धारेचा. आमच्याकडे भाजीच, म्हणून १६५ मिलिमीटरचा नाकिरी ठरला. पातं स्टेनलेसचं की कार्बन पोलादाचं? कार्बनला धार सुरेख लागते, पण ओलं राहिलं की गंज चढतो.

हे ऐकून आई म्हणाली, "मग विळीचं काय वेगळं असतं?" खरंच! लिंबू कापलं की धुवायची, कोरडी पुसायची, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायचं. तिचं हे आयुष्यभर चाललंय. कार्बनच घेतला.

बाकी पथ्यं थोडी. हे पोलाद कठीण, रॉकवेल मापाने बहुधा ६०च्या पुढे. त्यामुळे धार टिकते, पण टवकेही उडतात. नारळ, हाडं, गोठलेले पदार्थ वर्ज्य. खाली लाकडी पाट हवा, ग्रॅनाइटचा ओटा नको. धारवाल्याच्या चाकावर तर नकोच. तापून पात्याचं पाणी उतरतं. १००० ग्रिटचा दगड पाण्यात भिजवायचा आणि पातं साधारण १५ अंशांत धरून दोन्ही बाजूंनी सावकाश घासायचं.

अवघड आहे ते वेगळंच. विळीवर भाजी पात्याकडे जाते, इथे पातं भाजीकडे येतं. सत्तरी ओलांडलेल्या हातांना हे उलटं शिकायचं आहे. आई शिकतेय. पात अजून जाडच चिरली जाते, पण चेंगरत नाही.

तेव्हा मंडळी, असा चाकू घेताना किमतीआधी आपली सवय बघा. लगेच पुसून ठेवणारे असाल तर कार्बन, नाहीतर स्टेनलेस बरं. आणि घरातली विळी इतक्यात मोडीत काढू नका. आमची अजून ओट्याखालीच आहे, तेल लावलेली.