दोन बोटं रिकामी

आमचं कर्जत म्हणजे मुंबईच्या लोकलनं गाठायचं हिरवंगार कर्जत नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, आभाळाकडं डोळे लावून बसणारं कर्जत. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. हंडा, कळशी, तांब्या, हाती येईल ते भांडं काठोकाठ भरून ठेवायचं, हा दंडक तेव्हा अंगात भिनला. अर्धवट भरलेलं भांडं मला आजही अपशकुनासारखं वाटतं.

ही सवय एकदा भलतीकडंच नडली.

2019 च्या मे महिन्यात धाकट्या भावाचा पाण्याचा टँकर वाड्यावस्त्यांवर फिरत होता. भाऊ आजारी पडला, म्हणून मी ड्रायव्हरशेजारी बसू लागलो. निवृत्त मास्तराला तेवढाच विरंगुळा! पहाटे डिझेल भरायला गेलो. टाकी तीनशे लिटरची. नोझल खटकन बंद झालं.

"झालं, गुरुजी," पंपावरचा पोरगा म्हणाला.

"झालं कसं? जागा आहे की अजून! घाल."

बिचाऱ्यानं दाबून दाबून तेल तोंडाशी आणलं. मी समाधानानं झाकण लावलं.

पाणी भरायची जागा जवळच होती. तिथं रांगेत टँकर चार तास उन्हात तापला. मग शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीत पाणी सोडलं. जमीन उतरती, कठडा ढासळलेला. पहिली घागर वर आली आणि एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, पान्याला घासलेटाचा वास येतोय."

मी वाकून पाहिलं. टाकीच्या झाकणातून डिझेल ओघळत होतं आणि सांडलेल्या पाण्याबरोबर विहिरीत उतरत होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. कुणी रागावलं नाही. सकाळपासून ताटकळलेल्या आजींनी घागर मुकाट्यानं उपडी केली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. विहीर उपसावी लागली. दुसरा टँकर आला तेव्हा रात्र झाली होती.

मग ड्रायव्हरनं मास्तराला धडा दिला. नोझलच्या टोकाशी बारीक छिद्र असतं. तेल तिथवर चढलं की त्यातून हवा शिरणं थांबतं आणि आतली झडप मिटते. तो खटका म्हणजे 'पुरे' असा हुकूम. तीनशे लिटर डिझेल वीस अंशांनी तापलं, की सुमारे पाच लिटरनं फुगतं. पंपावरचं खात्रीचं माप भरेल एवढं! जागा नसेल तर ते जाणार कुठं? आणि सांडलंच, तर पाणी ओतायचं नाही. माती टाकायची आणि ती उचलून न्यायची.

ऐकता ऐकता मला आई आठवली. पाण्याचा हंडा ती काठोकाठ भरायची खरी. पण दूध तापवायचं पातेलं? ते नेहमी दोन बोटं रिकामं असायचं. तापणाऱ्या वस्तूला जागा ठेवावी लागते, हे तिला पंपावर न जाताच ठाऊक होतं.

आता मी खटका ऐकला की हात जोडतो आणि म्हणतो, "पुरे, बाळा."