पावसातील कान्हेरी

आषाढातील एका रविवारी आम्ही मित्रमंडळी बोरिवलीला उतरलो आणि नॅशनल पार्कच्या गेटापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत भर पावसात पायीच गेलो. छत्र्या नावालाच होत्या.

काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक लेणी इथे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथे भिक्खूसंघ राहू लागला, तो पुढे कित्येक शतके नांदला. पावसाळा हा भिक्खूंच्या वर्षावासाचा काळ. कातळावरून वाहणारे पाणी पन्हळीने टाक्यांत साठवायचे आणि उन्हाळ्यात पुरवायचे, अशी त्यांची सोय. ती टाकी आम्ही तुडुंब भरलेली पाहिली.

ही टाकी कोणी दिली? ब्राह्मी शिलालेख सांगतात : कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले, तर कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. राजांच्या नावांबरोबर कष्टकऱ्यांची नावेही इथे दगडात टिकली आहेत.

म्हणून मुलांना घेऊन एकदा पावसाळ्यात जरूर जा. सोमवारी उद्यान बंद असते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून चाला. आणि मुलांना एवढे नक्की सांगा, की भिंतीवर आपले नाव कोरायचे नाही. ज्यांनी पाणी दिले, वाट दिली, त्यांचीच नावे तिथे शोभतात.